मूळ रंग म्हणजे नेमके काय?

अमेरिकेत जुनी 'मसल कार' विकायला निघाली की वर्णनात 'मूळ रंगात' हे शब्द बहुधा असतात. गाडीची किंमत अनेकदा त्यांवर ठरते. या दोन शब्दांचा मागोवा घेताना मला त्यांचे तीन वेगळे अर्थ दिसले.

पहिला अर्थ छटेचा. १९६४च्या पाँटियाक जीटीओने मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन बसवले आणि या गाड्यांची लाट आली. गिऱ्हाईक तरुण, म्हणून रंगही भडक. १९७० साली क्रायस्लर कंपनीचा एकच जांभळा रंग डॉज गाडीवर 'प्लम क्रेझी' आणि प्लिमथवर 'इन-व्हायलेट' या नावाने विकला जाई. नावे दोन, संकेतांक एकच : एफसी७. तो बॉनेटखाली, मडगार्डच्या आतल्या बाजूला लावलेल्या धातूच्या पट्टीवर कोरलेला असे. पण पट्टी सांगते ती फक्त रंगाची ओळख. पन्नास वर्षांच्या उन्हाने विटलेली छटा ती दाखवू शकत नाही. म्हणून जाणकार कारागीर ऊन न पोचलेली जागा शोधतात : डिकीचा कोपरा, नक्षीपट्टीखालचा पत्रा.

दुसरा अर्थ रसायनाचा. त्या काळी जनरल मोटर्स ॲक्रिलिक लॅकर वापरी, तर फोर्ड आणि क्रायस्लर भट्टीत भाजलेले इनॅमल. लॅकर केवळ द्रावक उडून वाळते. म्हणून कारखान्यात ते घासून पुन्हा तापवत. थर किंचित वितळून ओरखडे भरून येत. इनॅमल भट्टीत कायमचे घट्ट होते. दोन्हींत चमकणारा थर रंगाचाच असे. आज सर्रास वापरतात त्या पद्धतीत रंगावर पारदर्शक थर चढतो आणि गाडी काचेत बुडवल्यासारखी दिसते. छटा जुळली तरी जाणकाराला फरक कळतो.

मग जुनेच रसायन का वापरू नये? कारण त्या काळच्या पिवळ्या-नारिंगी रंगांत शिसे आणि क्रोमियम असलेली रंगद्रव्ये सर्रास असत, आणि लॅकरमध्ये हवेत उडणारे द्रावक भरपूर. अमेरिकी पर्यावरण संस्थेने १९९८मध्ये वाहने पुन्हा रंगवण्याच्या रंगांतील अशा द्रावकांवर देशव्यापी मर्यादा घातली. आजचे पॉलियुरेथेनही निरुपद्रवी नाही. त्यातील आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो. अस्सलपणाची किंमत मालक पैशांत मोजतो. फवारणी करणारा कारागीर ती फुप्फुसांत मोजतो.

तिसरा अर्थ हाताचा. कारखान्यातला रंग निर्दोष नव्हताच. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत, कोपऱ्यांत थर पातळ, कुठे ओघळ. जीर्णोद्धारात हे सारे घासून गुळगुळीत होते आणि गाडी जन्मली तेव्हा होती त्याहून देखणी बनते. १९७४मध्ये स्थापन झालेली कॉर्व्हेट जीर्णोद्धारकांची राष्ट्रीय संस्था मात्र गाडी कारखान्यातून निघाली तशीच असावी, हा निकष लावते. तिथे जादा चकाकीलाही गुण कापले जातात.

योगायोग असा, की जीटीओच्याच वर्षी, १९६४मध्ये, वास्तुजतनाची व्हेनिस सनद संमत झाली. जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबावा आणि नवी भर ओळखू यावी, हे तिचे सूत्र. गाड्यांच्या जगात उलटे आहे : नवे काम ओळखू न येणे हीच वाहवा. साधी पांढरी गाडी दुर्मीळ जांभळी करून विकण्याची पळवाट इथूनच निघते.

माझे मत असे : छटा आणि पोत जुना ठेवावा, रसायन कारागिराला कमीत कमी अपायकारक असेल ते घ्यावे, आणि काय बदलले याची लेखी नोंद गाडीसोबत द्यावी. पण ज्या गाडीवर कारखान्याचा रंग अजून टिकून आहे, तो कितीही विटला असला तरी खरवडू नये. बाकी सगळ्या गाड्यांचा खरेखोटेपणा ताडून पाहायला तेवढाच एक पुरावा उरतो.