बिडी, चळवळ आणि पाचवे शील



विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेसाठी लेख द्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मला विषय शोधावा लागला नाही. मागच्या वर्षावासात ग्रंथवाचन संपल्यावर एका वयस्कर उपासकाने विहाराच्या ओट्यावरच बिडी शिलगावली. एका पोराने हटकले, "आजा, पंचशील आत्ताच घेतलं ना?" आजा हसून म्हणाले, "अरे बापा, पाचव्या शीलात दारू हाये. बिडीचं नाव कुठं हाये?" पोरगा गप्प बसला. मी मात्र घरी येईपर्यंत विचार करीत राहिलो. आपण बपेरा, सिहोरा, तुमसर या भागातली माणसे. बिडी आपण नुसती ओढलेली नाही, बिडीवर आपली चूलही पेटली आहे. म्हणून या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधले पाहिजे.

सवय सोडायला तब्येतीचेच कारण लागते असे नाही. स्वाभिमानाचेही कारण असते. आपल्या समाजाने हे फार आधी दाखवून दिले आहे. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला परिषद भरली. त्या वेळी बाबासाहेबांनी चवदार तळ्याच्या पाण्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगितली होती : मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, शिळ्या तुकड्यांसाठी दारोदार हात पसरणे सोडा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडलाच त्यांनी बायकांना बजावले की नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवायला वाढू नका. आमच्या आज्या-पणज्यांनी हे ऐकले ते काही वैद्याचा सल्ला म्हणून ऐकले नाही. "आमी मानसं हावो," हे जगाला दाखवण्यासाठी त्यांनी जुनी खोड टाकली. पोटाची सवय राजकीय विचाराने सुटली, असे हे उदाहरण आहे.

आता बिडीचा इतिहास बघा, त्यात मोठी गंमत आहे. १९०५ साली बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशीची चळवळ पेटली. लोकांनी विलायती कापड टाकले, तशीच विलायती सिगारेटही टाकली. तेही राजकीय कारणच होते. पण धूर सुटला नाही! सिगारेट गेली आणि तिच्या जागी देशी बिडी आली. शिकलेले लोकही ती अभिमानाने ओढू लागले. जबलपूरपासून भंडारा-गोंदियापर्यंत जंगलात तेंदूपान भरपूर, रेल्वे जवळ आणि मजूर स्वस्त. व्यापाऱ्यांना आणखी काय पाहिजे? पाहता पाहता कारखाने उभे राहिले. चळवळीने एक सवय सोडवली आणि दुसरी लावून दिली. यातून शिकायचे ते एवढेच, की मालक बदलला म्हणजे गुलामी संपते असे नाही.

त्या बिड्या वळल्या कोणी? आपल्याच माणसांनी. भूमिहीन, अस्पृश्य, हलबा-कोष्टी, गरीब मुसलमान, आणि घराघरातल्या बायका-पोरींनी. १९३१ सालच्या रॉयल कमिशनने आपल्या अहवालात बिडीच्या कामात राबणाऱ्या लहान मुलांची दैना नोंदवली आहे. याच काळात कामठीचे बाबू हरदास एल. एन. पुढे आले. ६ जानेवारी १९०४ चा त्यांचा जन्म. ठेकेदारांच्या लुटीविरुद्ध त्यांनी बिडी मजुरांचा संघ बांधला आणि कामगारांनी सहकाराने धंदा करावा असा प्रयत्न केला. १९३७ ला बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून गेले. आज आपण एकमेकांना भेटल्यावर जो "जय भीम" घालतो, तो रुजवण्याचे श्रेय त्यांनाच देतात. १२ जानेवारी १९३९ ला क्षयाने ते गेले. वय अवघे ३५. पुढे बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४४ साली, रेगे समिती नेमली गेली. तिच्या कामात बिडी उद्योगाचीही स्वतंत्र पाहणी झाली. बिडी कामगारांसाठी कायदा मात्र १९६६ ला आणि कल्याण निधीचा कायदा १९७६ ला झाला.

हे सगळे मी पुस्तकात नंतर वाचले. आधी पाहिले ते घरी. माझी माय बिड्या वळत असे. रात्री पाने भिजत घालायची, सकाळी फर्मा ठेवून कैचीने कापायची, मांडीवर सूप घेऊन बसायची. घरभर जर्द्याची धूळ, आम्हा पोरांना शिंका. हजार बिड्या झाल्या की दिवस बुडाला. संध्याकाळी सट्टेदाराकडे माल नेला की तो मूठभर बिड्या बाजूला टाकायचा, "ही छाट." छाटीची मजुरी नाही, आणि बिड्याही परत नाहीत!

माझा बाप बिडी ओढायचा. एके दिवशी तो दुकानातून बंडल घेऊन आला. माय सूप आवरत होती. ती म्हणाली, "छाट म्हनून त्यानं माह्या बिड्या ठेवल्या. त्याच तुमी पैसे देऊन आनल्या. मंग आपन वळतो कोनासाठी?" बाप काही बोलला नाही. त्या रात्री त्याने बंडल चुलीत टाकले. लगेच सुटली असे मी म्हणणार नाही. दोनदा पुन्हा सुरू झाली, एकदा लग्नसराईत आणि एकदा धान बुडाले त्या साली. तिसऱ्यांदा सुटली ती कायमची. खोकला मात्र मरेपर्यंत राहिला.

मायचा हिशेब मी पुढे कागदावर मांडून पाहिला. रोज २५ बिड्यांचे एक बंडल धरले तर वर्षाच्या ९,१२५ बिड्या होतात. म्हणजे एका बाईची नऊ दिवसांची मोडलेली पाठ एक माणूस वर्षभरात फुकून टाकतो, आणि नफा दोन्ही वेळा दुसऱ्याच्या गल्ल्यात जातो.

आता आजाच्या प्रश्नाकडे येऊ. त्यांचे म्हणणे शब्दाने खरे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या त्यात दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, तंबाखूची नाही. विनयपिटकात तर डोकेदुखीवर औषधी धूर घेण्यासाठी भिक्खूंना नळी वापरायची परवानगी दिलेली आहे. पण ते औषध होते. तंबाखू आपल्या देशात आली तीच पोर्तुगीजांच्या काळात, बुद्धानंतर दोन हजार वर्षांनी. तिचे नाव शीलात येणार कसे? पाचव्या शीलाचा गाभा नावात नाही, प्रमाद टाळण्यात आहे. जी वस्तू नाही मिळाली तर माणूस चिडतो, पोराच्या वहीचे पैसे तिच्यावर घालतो, ती त्याची मालक झाली. माणसाची मालकी आपण नाकारली, मग बिडीची का मान्य करावी?

शरीराचेही ऐका. २००८ साली भारतातल्या मृत्यूंचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. बिडी ओढणाऱ्या पुरुषाचे आयुष्य सरासरी ६ वर्षांनी आणि बाईचे ८ वर्षांनी कमी होते, असे त्यात दिसले. बिडी ओढणाऱ्याला क्षयाने मरण्याचा धोकाही वाढतो. "सिगारेट वाईट, बिडी देशी" हा समज स्वदेशीच्या काळापासूनचा आहे, आणि तो खोटा आहे.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी. बिडी सोडा म्हणजे बिडी वळणाऱ्या बहिणीला तुच्छ माना असे नाही. तिच्या हातानेच आपल्यातले कित्येक जण शिकले. तिच्या मजुरीसाठी आणि पेन्शनसाठी भांडणे, तिच्या पोरीला सूप न घेता शाळेत जाता यावे हे पाहणे, हाही बाबू हरदासांचाच वारसा आहे. जो मजूर संघटित होतो आणि जो मजूर व्यसन सोडतो, ते दोघे एकाच वाटेने चालतात.

म्हणून या वर्धापन दिनी माझी नम्र विनंती आहे. सार्वजनिक जागी धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासून कायद्याने बंदी आहेच, पण आपल्याला पोलिसाच्या भीतीने काही करायचे नाही. विहाराचा ओटा आपण आपल्या मनाने बिडीमुक्त करू. यंदा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जाताना खिसा रिकामा ठेवू. ज्याची पुन्हा सुरू होईल त्याला हसू नये, माझ्या बापाचीही तिसऱ्यांदा सुटली.

आणि त्या आजाने? लेख लिहिण्याआधी मी त्यांना मायचा हिशेब सांगितला. ते बराच वेळ बोटांवर मोजत बसले. मग म्हणाले, "नऊ दिवस? माही मायबी बिड्याच वळे ना रे बापा." अर्धी बिडी त्यांनी विझवली आणि कानावर खोचली. अजून टाकली नाही. पण पेटवलीही नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!