पाण्याची संथ वाट

आपल्याकडे कालवा म्हटला, की शेताला पाणी देणारा पाट डोळ्यांपुढे येतो. नीरेचा कालवा घ्या, प्रवरेचा घ्या, पाणी शिवारापर्यंत पोचवणं हे त्याचं काम. इंग्लंडातले जुने कालवे मात्र निराळ्या कामासाठी खणले गेले. त्यांतलं पाणी जवळजवळ उभंच असतं, कारण तिथे पाणी हाच रस्ता!

अशा रस्त्याची गरज का पडली? अठराव्या शतकातले तिथले रस्ते म्हणजे पावसाळ्यात नुसता चिखल. घोड्याच्या पाठीवर फार तर टनाचा आठवा हिस्सा माल जाई. तोच घोडा काठाने चालत दोरीने होडी ओढू लागला, तर पंचवीस-तीस टन माल नेई. 1761 साली ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर याच्या खाणींतला कोळसा कालव्याने मँचेस्टरच्या दिशेने निघाला आणि पुढे त्या शहरातला कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. या कालव्याचा स्थापत्यकार जेम्स ब्रिंडली मूळचा गिरण्यांची यंत्रं बांधणारा कारागीर. त्याला लिहिणं-वाचणं जेमतेम येई.

त्यानेच आखणीला आरंभ केलेला ऑक्सफर्ड कालवा 1790 साली पुरा झाला. टेकडी आली की तिला वळसा घालत तो जातो. जिथे चढ टळत नाही, तिथे पाण्याचा हौद बांधलेला असतो. होडी आत आली की मागचे दरवाजे लावायचे, वरच्या अंगाचं पाणी आत सोडायचं. पाण्याबरोबर होडी वर येते. मग पुढचे दरवाजे उघडायचे. हे हौद अवघे सात फूट रुंद. म्हणून होड्याही तशाच अरुंद आणि सत्तर फुटांपर्यंत लांब.

पुढे आगगाडी आली. 1830 साली लिव्हरपूल-मँचेस्टर लोहमार्ग सुरू झाला आणि कालव्यांना स्पर्धक मिळाला. भाडी उतरली, होडीवाल्याची मिळकत आटली. घरभाडं आणि गड्याची मजुरी वाचावी म्हणून अनेकांनी बायकामुलांना होडीवरच आणलं. सुमारे दहा फूट लांबीच्या खोलीत चूल, बिछाना, सारा संसार! दारावर गुलाबाची फुलं आणि किल्ले रंगवलेले. पण आतल्या मुलांना अक्षरओळख नाही. जॉर्ज स्मिथ नावाच्या गृहस्थाने याविरुद्ध आवाज उठवला आणि 1877 साली कायदा झाला. होड्यांची नोंद झाली, किती माणसांनी राहावं हे ठरलं, मुलांच्या शिक्षणाची तरतूद झाली. पण होडी आज या गावी, उद्या त्या गावी! शिक्षकबंधूंनो, ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांचे वर्ग ज्यांनी सांभाळले आहेत, त्यांना ही अडचण वेगळी सांगायला नको.

1939 च्या उन्हाळ्यात एल. टी. सी. रोल्ट हे पत्नीसह 'क्रेसी' नावाच्या होडीतून बॅनबरी गावाहून निघाले. वाटेत असतानाच महायुद्ध पेटलं. या सावकाश प्रवासाचं त्यांचं पुस्तक 1944 साली निघालं. ते वाचून लोकांना कळलं, की आपल्या परसदारची ही वाट बुजत चालली आहे. 1946 साली कालवे वाचवण्यासाठी संघटना उभी राहिली. पुढच्या काळात स्वयंसेवकांनी फावडी घेऊन गाळ उपसला, मोडके दरवाजे बसवले आणि कित्येक कालवे पुन्हा वाहते केले.

आज त्यांवरून सुटीतले प्रवासी जातात. वेगाची मर्यादा ताशी चार मैल, म्हणजे माणसाच्या भरभर चालीइतकीच. त्यांना ही संथ चाल विसावा वाटते. जुन्या होडीवाल्याला मात्र याच चालीने पोट भरावं लागे. तेव्हा मुलांना कालव्यांचा धडा शिकवताना ड्यूकचं नाव आणि सनावळी जरूर सांगा. पण घोड्यामागे दिवसभर चालणाऱ्या त्या मुलालाही धड्यात जागा द्या. इतिहास त्याचाही आहे.