न लिहिलेला करार : मुंबईची गिरणी, पगारकपात आणि वहिवाट

१

'पगार' हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला, 'मजुरी' आणि 'तनखा' फारसीने, 'करार' अरबीने फारसीच्या वाटेने, तर 'वेतन' संस्कृताने. कामाच्या मोबदल्यासाठी मराठीने चहूकडून शब्द गोळा केले. मुंबईच्या गिरणगावात त्यांच्या जोडीला आणखी काही शब्द नांदत होते. न भरलेला दिवस म्हणजे 'खाडा', कायम नसलेला कामगार 'बदली', आणि कामावर घेतल्याबद्दल मुकादमाच्या हातावर ठेवायची रक्कम म्हणजे 'दस्तुरी'. या शेवटच्या शब्दाच्या मुळाशी 'दस्तूर' म्हणजे रिवाज आहे. वरकड वसुलीलाही रिवाजाचे नाव मिळावे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पगार ठरवणारा कागद मात्र या शब्दसंग्रहात नाही. रत्नागिरीहून किंवा साताऱ्याहून आलेला माणूस मुकादमाच्या तोंडी शब्दावर खात्यात उभा राही. दर काय, भत्ता किती, खराब कापडाचा दंड किती हे त्याला शेजारच्या साच्यावरच्या माणसाकडून कळे. मग एखाद्या महिन्यात हाती पडलेली रक्कम कमी निघाली, तर तक्रार कशाच्या आधारे करायची? लेखी करार नाही म्हणजे करारच नाही काय? पुढचे सारे विवेचन या प्रश्नाभोवती आहे. कायद्याच्या पुस्तकात त्याचे उत्तर आज काही कलमांत मिळते. त्या कलमांमागे मात्र मुंबईच्या कापडगिरण्यांतील अर्धशतकाचा झगडा आहे.

२

आरंभीची कायदेशीर स्थिती पाहिली की या झगड्यातला असमतोल स्पष्ट होतो. १८५९ च्या तेराव्या कायद्यान्वये आगाऊ रक्कम घेतलेल्या कारागिराने किंवा मजुराने काम सोडले, तर मालकाला त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करता येई. मॅजिस्ट्रेटचा हुकूम न पाळणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी होऊ शके. उलट मालकाने कबूल केलेला मोबदला दिला नाही, तर मजुराने दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी. मजुराचा करारभंग हा अपराध आणि मालकाचा करारभंग हा केवळ हिशेबाचा वाद, अशी ही विभागणी होती. तो कायदा १९२५ साली रद्द करण्यात आला.

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५६ च्या सुमारास सुरू झाली. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या त्यातील मागण्या सर्वांना ठाऊक आहेत. पण त्याच अर्जात आणखी एक साधी मागणी होती : महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. येथे पगारवाढ मागितलेली नाही. मिळवलेला पगार ठरल्या वेळी मिळावा एवढेच मागितले आहे. पगार मालकाच्या मर्जीतून बाहेर काढून नियमाच्या कक्षेत आणण्याचा हा मुंबईतील एक अगदी आरंभीचा प्रयत्न म्हणावा लागेल.

कपात दाराने येई तशीच खिडकीनेही येई. विणकराचे कापड खराब निघाले की ते त्याच्याच गळ्यात मारून किंमत पगारातून वळती करत. एका दिवसाच्या खाड्यासाठी दोन दिवसांची मजुरी कापण्याची रीतही काही ठिकाणी होती. अशा कपातीला 'कपात' हे नाव कधीच मिळाले नाही. ती दंडाच्या, शिस्तीच्या किंवा हिशेबाच्या नावाने येत असे.

३

१९२४ आणि १९२५ ही दोन वर्षे या इतिहासात शेजारी शेजारी ठेवून वाचली पाहिजेत.

पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजीत मुंबईच्या गिरण्यांनी सलग काही वर्षे वर्षअखेर एका महिन्याच्या पगाराइतका बोनस दिला. मंदी आली तसे मालक संघाने १९२३ चा बोनस मिळणार नाही असे जाहीर केले, आणि १९२४ च्या जानेवारीत संप सुरू झाला. सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. दरवर्षीच्या बोनसवर कामगारांचा रूढीने, कायद्याने वा न्यायबुद्धीने असा न्यायालयात टिकेल असा कोणताही हक्क सिद्ध होत नाही, हा तिचा निष्कर्ष. जे सलग मिळत होते ते कामगाराने पगाराचा भाग मानले, तर समितीने देणगी मानली. मार्चमध्ये कामगार रिकाम्या हाताने परतले.

पुढच्याच वर्षी मालक संघाने महागाई भत्त्यात कपात जाहीर केली. रोजंदारीवरील कामगाराला मूळ वेतनावर सत्तर टक्के आणि कामाच्या मापावर मजुरी घेणाऱ्या पुरुषांना ऐंशी टक्के भत्ता मिळत असे. तो अनुक्रमे पन्नास व साठ टक्क्यांवर येणार होता. एकूण प्राप्तीत ही घट सुमारे साडेअकरा टक्क्यांची होती. कागदावर मूळ वेतनाला मात्र धक्का लागलेला नव्हता. पगाराचे दोन तुकडे करून त्यांपैकी एकाला 'भत्ता' म्हटले की तो कमी करणे सोपे जाते, ही युक्ती त्या काळीही मालकांना अवगत होती.

१९२५ च्या सप्टेंबरात गिरण्या बंद पडल्या. या वेळचा शेवट वेगळा झाला. देशी कापडावरील साडेतीन टक्के अबकारी कर सरकारने १ डिसेंबरपासून स्थगित केला, मालकांनी कपात मागे घेतली आणि कामगार जुन्या दराने कामावर रुजू झाले. अर्थात हा विजय हक्काचा नव्हता. मालक व सरकार यांच्यात करावरून रस्सीखेच चालू होती. तिचा निकाल लागला म्हणून पगार वाचला. १९२४ मध्ये कायद्याने हात झटकले आणि १९२५ मध्ये परिस्थितीने हात दिला. दोन्ही प्रसंगी कामगाराच्या बाजूने लिहिलेला एकही शब्द नव्हता.

४

१९२८ च्या संपात कपातीने आणखी सूक्ष्म रूप घेतले. विणकराला कापडाच्या वजनावर मजुरी मिळे. गिरणीने जाड कापड सोडून तलम कापड काढायला घेतले की तेवढ्याच श्रमात वजन कमी भरे. दर तोच, पण प्राप्ती घटलेली. एका कामगाराने अधिक साचे सांभाळावेत अशा योजनाही याच सुमारास आल्या. एप्रिल ते ऑक्टोबर असा जवळजवळ सहा महिने हा संप चालला. अर्जुन आळवे यांच्यासारखे साच्यावरून आलेले पुढारी, डांगे, निंबकर, मिरजकर, जोगळेकर यांची गिरणी कामगार युनियन आणि ना. म. जोशी यांची संघटना त्यात एकत्र होत्या. मालक संघाने तयार केलेल्या 'स्टँडिंग ऑर्डर्स' हा वादाचा एक प्रमुख विषय होता. कामाचे नियम कागदावर यावेत याला कोणाचा विरोध असण्याचे कारण नव्हते. प्रश्न तो कागद कोणी लिहावा, हा होता. एका बाजूनेच लिहिलेला करार हा करार नसतो, ते फर्मान असते.

येथे वहिवाटीची दुसरी बाजूही पाहायला हवी, नाहीतर आपण भाबडेपणा करू. गावाकडून आलेल्या माणसाला न लिहिलेला हक्क ही कल्पना परकी नव्हती. बलुत्याचा वाटा कोणी कागदावर लिहून देत नसे, तरी तो नाकारता येत नसे. पण तीच वहिवाट महाराला वतनाच्या नावाखाली अपुऱ्या मोबदल्यावर राबवत होती. ते वतन मोडण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्येच मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक मांडले. गिरणीतही दलित कामगारांना चांगल्या प्राप्तीच्या विणखात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि सवर्ण विणकरांना तो धोटा विटाळलेला वाटे. आंबेडकरांनी संपाच्या वेळी हा प्रश्न उपस्थित केला. वहिवाट पगार राखते तशी माणसाला पगाराबाहेरही ठेवते. म्हणून 'पूर्वापार चालत आले' एवढ्यावर न्याय उभा राहू शकत नाही. तपासलेली, सर्वांना लागू असलेली आणि लिहिलेली तरतूद लागते.

मामा वरेरकरांची 'धावता धोटा' ही गिरणगावावरची कादंबरी १९३३ ची. त्याच सुमारास मुंबईच्या गिरण्यांत एकेक करून पगारकपात चालू होती आणि १९३४ मध्ये पुन्हा सार्वत्रिक संप झाला. कामगार साहित्याची आपली चर्चा संप, चाळ आणि दारिद्र्य यांपाशी थांबते. पगाराच्या दिवशीचा हिशेब आपण क्वचितच वाचतो. वास्तविक त्या जीवनातला ताण तेथेच साठलेला असतो.

५

रॉयल कमिशनचा अहवाल १९३१ मध्ये आला आणि त्यानंतर १९३६ चा वेतन अदायगी कायदा. त्याने कपातीची गणना केली : कायद्याने सांगितलेल्या कारणांखेरीज पगारातून काहीही वळते करता येणार नाही. दंडाला रुपयामागे अर्ध्या आण्याची मर्यादा आली. कोणत्या चुकीला दंड होईल हे आधी जाहीर करणे आणि कामगाराचे म्हणणे ऐकणे बंधनकारक झाले. गैरहजेरीबद्दल गैरहजेरीपुरतीच कपात, असे ठरल्याने दुहेरी खाडा गेला. तरीही दहा किंवा अधिक कामगारांनी संगनमताने, विनासूचना काम बंद ठेवले, तर आठ दिवसांपर्यंतची मजुरी कापण्याची मुभा मालकाला राहिली. एकट्याला दिलेले संरक्षण समूहाला देताना कायद्याचा हात आखडला, तो असा.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या कायद्यातली 'वेतना'ची व्याख्या सर्वांत मोलाची. करार स्पष्ट असो वा गृहीत, तो पाळला असता जे देणे लागले असते ते वेतन, असा तिचा आशय आहे. 'गृहीत' या एका शब्दाने मुकादमाच्या तोंडी शब्दाला आणि महिन्यामागून महिने हातात पडलेल्या रकमेला कायद्याच्या दालनात जागा मिळाली. लेखी करार नसेल तर वर्तनातून करार वाचायचा. हे तत्त्व १८७२ च्या करार कायद्यात होतेच, पण ते मजुराच्या पगाराला येऊन भिडायला चौसष्ट वर्षे गेली. त्याची मर्यादाही लवकरच दिसली. जी. आय. पी. रेल्वेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली स्पष्ट केले, की या कायद्याखालील अधिकाऱ्याला प्रत्यक्ष करारातले वेतन ठरवता येईल. ते किती असायला हवे होते, हे नाही.

त्या वेतनाचा दरच मालकाने बदलला तर? येथे दुसरी वाट आली. १९३८ च्या मुंबई औद्योगिक विवाद कायद्याने स्टँडिंग ऑर्डर्सना कायद्याची चौकट दिली आणि बदलाआधी नोटीस आवश्यक केली; पण त्याच वेळी संपावर कडक बंधने घातली. आंबेडकरांनी विधानसभेत त्याला विरोध केला. संप म्हणजे स्वतःच्या अटींवर काम करण्याच्या स्वातंत्र्याचेच दुसरे नाव; त्याला गुन्हा ठरवणे म्हणजे माणसाला मनाविरुद्ध राबवणे, अशी त्यांची भूमिका होती. १८५९ चा कायदा आठवला की या युक्तिवादाची धार कळते. ७ नोव्हेंबर १९३८ चा एक दिवसाचा संप या विधेयकाविरुद्धच झाला.

स्वातंत्र्यानंतर, १९५६ च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ आले. वेतन, भत्ते यांसारख्या बाबींत बदल करायचा तर मालकाने एकवीस दिवस आधी विहित रीतीने लेखी नोटीस द्यायची. ज्या बाबींना ही नोटीस लागू होते त्यांच्या अनुसूचीत रूढ सवलत काढून घेणे आणि प्रचलित रिवाज बदलणे यांचाही उल्लेख आहे. १९२४ मध्ये जी वहिवाट मुख्य न्यायमूर्तींच्या समितीपुढे हरली, तिला बत्तीस वर्षांनी कायद्याच्या अनुसूचीत ओळ मिळाली. अर्थात नोटीस म्हणजे संमती नव्हे. क्राउन अॅल्युमिनियम वर्क्सच्या खटल्यात न्या. प्र. बा. गजेंद्रगडकरांनी सांगितले, की परिस्थितीने भाग पाडल्यास वेतनरचना कामगारांच्या प्रतिकूलही बदलता येते. मात्र किमान वेतनाची रेषा ओलांडता येत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून या जुन्या कायद्यांची जागा चार श्रमसंहितांनी घेतली. वेतनातील बदलाआधी नोटिशीची अट नव्या संहितेतही आहे, आणि नियुक्तिपत्र देणे ही मालकाची जबाबदारी ठरली आहे. दुसरीकडे स्टँडिंग ऑर्डर्स लागू होण्यासाठी केंद्रीय कायद्यातील शंभर कामगारांची अट तीनशेवर गेली आहे. म्हणजे कागद प्रत्येकाच्या हाती येईल, पण तो लिहिताना बोलण्याचा अधिकार कमी कामगारांना राहील.

लेखी करार नसणे ही कामगाराची उणीव मानण्याची सवय आपल्याला फार जुनी आहे. गिरणीचा इतिहास नेमके उलटे सांगतो. कागद, लेखणी आणि नोंदवही मालकाच्याच मेजावर होती. न लिहिण्याचा फायदाही त्याचाच होता. म्हणून 'लेखी काय आहे?' हा प्रश्न आधी त्याला विचारावा, एवढे मान्य व्हायला संपांची दोन दशके लागली. नियुक्तिपत्रातल्या बारीक अक्षरांवर आज सही करणाऱ्याने त्यातला 'भत्ता' हा शब्द थांबून वाचावा. १९२५ साली कपात त्याच शब्दातून आली होती.