दुप्पट मजुरीचा कायदा आणि खेपेचा हिशोब

जालना म्हटलं की बियाणं, मोसंबी आणि लोखंडी सळई आठवते. हे सगळं गावाबाहेर नेतो तो ट्रक ड्रायव्हर. त्याच्या ओव्हरटाइमचा इतिहास मी शिकवलेल्या कुठल्याच पुस्तकात नव्हता, म्हणून आज थोडं त्याविषयी.

ब्रिटिश अमदानीत १९३९ साली मोटार वाहन कायदा झाला. ड्रायव्हरने पाच तासांनंतर अर्धा तास विसावा घ्यावा, दिवसाला नऊ आणि आठवड्याला ५४ तासांपेक्षा जास्त गाडी चालवू नये, असं त्यात होतं. हा नियम तासांचा होता, पैशाचा नव्हता. अमेरिकेत १९३८ साली ओव्हरटाइमला दीडपट मजुरी ठरली, पण राज्याराज्यांतून माल नेणारे बहुतेक ट्रकचालक त्यातून वगळले गेले.

आपल्याकडे १९६१ साली मोटार परिवहन कामगार कायदा आला. दिवसाचे आठ तास, आठवड्याचे ४८. लांब पल्ल्याला परवानगीने दहा तास, आणि आठच्या वरच्या तासांना दुप्पट मजुरी! अमेरिकेपेक्षा आपला कायदा उदार म्हणायचा.

पण मंडळी, खोच पुढेच आहे. हा कायदा लागू व्हायला मालकाकडे किमान पाच कामगार लागायचे. आपल्याकडचे बहुतेक मालक एक-दोन गाड्यांचे. शिवाय गाडी मुक्कामाला पोचल्यावर नुसतं थांबून राहणं पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तरच ते कामाच्या तासांत धरायचं. आता सळया उतरवायला अर्धा दिवस रांगेत गेला, तर तो ना झोपेचा ना कामाचा!

त्यातून ड्रायव्हरचा हिशोब चालतो खेपेवर. अमुक खेपेचे इतके पैसे, वर वाटखर्च. तास मोजलेलेच नसतील तर दुप्पट कशाची करणार? शून्याची दुप्पट शून्यच, हे चौथीतलं पोरही सांगेल.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी श्रमसंहिता लागू झाली आणि १९६१ चा कायदा गेला. दुप्पट दर राहिला, पण मोटार वाहतुकीसाठी अट पाचावरून दहा कामगारांवर गेली. म्हणजे छोट्या मालकाचा ड्रायव्हर आणखीच लांब राहिला.

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग थेट मुंबईकडे पूर्ण झाला. जालन्याहून जाणाऱ्याचे तास वाचले. ते त्याच्या झोपेत जमा झाले की पुढच्या खेपेत, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. दुप्पट मजुरी ही नुसती बक्षिसी नसते. माणसाला जास्त राबवणं मालकाला महाग पडावं, हाही तिचा हेतू असतो. तो धाक नसला की जागरण स्वस्त होतं, आणि त्याची किंमत रस्त्यावरचे सगळेच मोजतात.

तुमच्या नात्यात कुणी ट्रकवर असेल तर त्याला एक छोटी वही द्या. निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, रांगेतले तास रोज लिहायला सांगा. मालकाशी बोलताना निदान एक आकडा तरी हाताशी राहील.