बदल-विनंती, औद्योगिक देखभालीतील

कारखान्यातील यंत्रे, त्यांचे सुटे भाग, नियंत्रक आज्ञावल्या, वंगण व तपासणी यांची वेळापत्रके आणि या सर्वांची नोंद ठेवणारी संगणक-प्रणाली यांत करावयाच्या फेरफाराची लेखी मागणी म्हणजे बदल-विनंती होय. मागणी सादर करणे, तिची छाननी, मंजुरी, अंमलबजावणी, पडताळणी व अखेरची नोंद या टप्प्यांना मिळून बदल-व्यवस्थापन असे म्हणतात. दुरुस्ती व बदल यांत मूलभूत भेद आहे. दुरुस्तीने यंत्र पूर्वस्थितीला येते. बदलाने ते पूर्वीपेक्षा वेगळे होते. म्हणून दुरुस्तीची नोंद काम झाल्यावर केली तरी चालते, बदलाची मात्र काम सुरू होण्यापूर्वीच करावी लागते. या साध्या नियमाला कारखान्यांच्या व्यवहारात स्थान मिळण्यास बराच काळ लागला. पुण्याजवळील भोसरी व पिंपरी-चिंचवड-चाकण हा औद्योगिक पट्टा या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

पार्श्वभूमी : पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाल्यावर भोसरी, पिंपरी, चिंचवड व आकुर्डी या गावांच्या परिसरात भूखंड पाडून रस्ते, पाणी व वीज यांची सोय करण्यात आली. १९६६ मध्ये टेल्को (२००३ पासून टाटा मोटर्स) या कंपनीने पुणे विभागाचा प्रारंभ केला. स्कूटर, बेअरिंग, नायलॉन धागा इत्यादींचे मोठे कारखानेही याच सुमारास उभे राहिले. भोसरी, आकुर्डी, चिंचवड व पिंपरी यांची मिळून १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणारे शेकडो लघुउद्योग भोसरीच्या जे, एस, टी इ. नावांच्या ब्लॉकमध्ये वाढले. पुढे चाकण परिसरात बजाज ऑटो (१९९९), फोक्सवॅगन (२००९) इत्यादींचे कारखाने आल्यावर या पुरवठादारांच्या कामाचे स्वरूप पालटले.

कागदी पद्धती : प्रारंभीच्या काळात मोठ्या कारखान्यांत प्रत्येक यंत्राचे एक हिस्टरी कार्ड असे. यंत्र बंद पडले की उत्पादन खात्याचा फोरमन ब्रेकडाउन स्लिप लिहून देई, देखभाल खात्याचा फिटर काम करी व बदललेल्या भागाची नोंद कार्डावर होई. रचनेतील फेरफाराची वाट निराळी होती. तो रेखाचित्राच्या आवृत्तीने नोंदला जाई. नावपट्टीजवळच्या तक्त्यात आवृत्तीचे अक्षर, दिनांक, बदलाचे वर्णन व सही असे आणि जुन्या प्रती परत घेऊन रद्द कराव्या लागत. रेखाचित्रांच्या बाबतीत ही शिस्त चांगली रुजली. यंत्रांच्या बाबतीत मात्र ती ढिली राहिली, कारण यंत्रावरचा बदल हा बहुधा अडचणीच्या क्षणी होत असे. आयात यंत्राचा भाग मिळण्यास परवाना, परकीय चलन व अनेक महिने लागत. त्यामुळे कुशल टर्नर व फिटर मूळ भागाऐवजी स्थानिक भाग घडवीत. या कौशल्यावर अनेक कारखाने चालले. परंतु कोणत्या यंत्रात कोणता भाग मूळचा व कोणता घडविलेला, हे ज्ञान कागदावर न येता माणसांच्या स्मरणात राहिले. ती माणसे निवृत्त झाली की ते ज्ञानही जाई.

वीजपुरवठ्याच्या व्यवस्थेमुळे या पट्ट्यात गुरुवार हा साप्ताहिक सुटीचा दिवस रूढ झाला. देखभाल खात्याच्या दृष्टीने हाच मोठ्या कामाचा दिवस होय. मंजूर झालेले बदल गुरुवारी करून शुक्रवारी पहिल्या पाळीत यंत्र सुरू करावयाचे, असा प्रघात अनेक ठिकाणी पडला. यंत्र सुरू करणाऱ्या कामगाराला आदल्या दिवशी काय बदलले हे ठाऊक असणे म्हणूनच महत्त्वाचे ठरले.

भोसरीच्या परिसरातील वाहन-देखभालीतही हाच प्रश्न वेगळ्या रूपात दिसतो. भोसरी येथे केंद्रीय मार्ग परिवहन संस्था (स्था. १९६७), तर जवळच दापोडी येथे राज्य परिवहन महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. एकाच नमुन्याच्या शेकडो गाड्या वेगवेगळ्या आगारांत असताना एका गाडीवर सिद्ध झालेला फेरफार सर्वत्र सारख्याच रीतीने व्हावा लागतो. अन्यथा सुट्या भागांचा साठा व प्रत्यक्ष गाड्या यांचा मेळ बसत नाही.

फ्लिक्सबरो दुर्घटना व तिचे परिणाम : बदल-व्यवस्थापनाला स्वतंत्र विषयाचे स्वरूप मिळाले ते इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथील दुर्घटनेनंतर. तेथे नायलॉन-६ चा कच्चा माल असलेले कॅप्रोलॅक्टम तयार होत असे. मार्च १९७४ मध्ये सहा विक्रियापात्रांपैकी पाचव्या पात्राला तडा गेल्याचे आढळले. ते काढून चौथे व सहावे पात्र जोडण्यासाठी सु. ५० सेंमी. व्यासाचा तात्पुरता नळ बसविण्यात आला. दोन्ही पात्रांची उंची भिन्न असल्याने नळाला मधे बाक द्यावा लागला. त्याचे रीतसर रेखाचित्र काढले गेले नाही. कार्यशाळेच्या फरशीवर खडूने आकृती काढून काम भागविण्यात आले. मुख्य अभियंत्याचे पद त्या वेळी रिकामे होते. १ जून १९७४ रोजी तो नळ निखळला, सायक्लोहेक्झेनाचा ढग पेटला व २८ कामगार मृत्युमुखी पडले. शनिवार असल्याने कारखान्यात माणसे कमी होती, अन्यथा मृतांची संख्या पुष्कळच वाढली असती. कोणताही फेरफार मूळ रचनेइतक्याच काटेकोरपणे आखला, बांधला व तपासला गेला पाहिजे, हे तत्त्व चौकशी-न्यायालयाच्या १९७५ मधील अहवालानंतर सर्वमान्य झाले.

भारतात कारखाने अधिनियम, १९४८ अन्वये यंत्रांभोवती संरक्षक कठडे, चालू यंत्राजवळ काम करणाऱ्या प्रशिक्षित कामगारांच्या नावांची नोंदवही, उद्‌वाहने व दाबपात्रे यांची ठराविक मुदतीने तपासणी इ. तरतुदी होत्या, परंतु बदलाच्या पूर्वपरीक्षणावर विशेष भर नव्हता. भोपाळ येथील डिसेंबर १९८४ मधील वायुगळतीनंतर १९८७ मध्ये या अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयीचे प्रकरण घालण्यात आले. १९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांनी सुरक्षा-अहवालावर परिणाम करणारा फेरफार करण्यापूर्वी ९० दिवस आधी सुधारित अहवाल देण्याचे बंधन धोकादायक उद्योगांवर घातले. अमेरिकेतील १९९२ च्या नियमांनी बदल-व्यवस्थापन हे स्वतंत्र कलम केले व त्यातून ‘जशास तसा भाग बसविणे’ एवढेच वगळले.

जशास तसा म्हणजे काय, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. ६२०५ क्रमांकाच्या बेअरिंगचा आतील व्यास २५ मिमी., बाहेरील ५२ मिमी. व रुंदी १५ मिमी. असते. उघड्या प्रकाराऐवजी दोन्ही बाजूंनी बंद असलेले त्याच क्रमांकाचे बेअरिंग बसविले, तर मापे तीच राहतात. परंतु त्याला बाहेरून ग्रीस देता येत नाही व वेगाची मर्यादाही कमी होते. म्हणजे वंगणाचे वेळापत्रक, भांडारातील संकेतांक व तपासणीची पद्धत ही तिन्ही बदलावी लागतात. अशा क्षुल्लक भासणाऱ्या बदलांतूनच नोंद व वास्तव यांत अंतर पडत जाते.

पुरवठादार उद्योग व ‘फोर एम’ : वाहन-उद्योगात बदलाच्या शिस्तीला ग्राहकाच्या मागणीने बळ मिळाले. अमेरिकी वाहन-निर्मात्यांनी १९९३ मध्ये भाग-मान्यतेची पद्धत व १९९४ मध्ये क्यूएस ९००० हे मानक प्रसिद्ध केले. त्यानंतर आयएसओ/टीएस १६९४९ (१९९९) व आयएटीएफ १६९४९ (२०१६) ही मानके आली. त्यांनुसार मान्य झालेल्या प्रक्रियेत माणूस, यंत्र, माल व पद्धत या चारांपैकी कशातही बदल झाल्यास तो नोंदवून पडताळावा लागतो व ठरलेल्या बाबतींत ग्राहकाची पूर्वसंमती घ्यावी लागते. भोसरी व चाकणच्या कारखान्यांत ‘फोर एम’ बदलाचा फलक ही आता परिचयाची गोष्ट आहे. दहा-वीस कामगारांच्या उद्योगाला ही शिस्त महागही पडते : साचा दुसऱ्या प्रेसवर हलविला तरी नमुने, मोजमापे व कागदपत्रे पुन्हा द्यावी लागतात. उलट, न कळविलेला बदल उघडकीस आल्यास सर्व माल परत येण्याची व काम गमावण्याची भीती असते.

संगणकीकरण : देखभालीची नोंद संगणकावर ठेवण्याची पद्धत प्रथम मोठ्या संगणकांवर आली, वैयक्तिक संगणकामुळे ती मध्यम उद्योगांच्या आवाक्यात आली. १९८५ मध्ये बाजारात आलेली मॅक्सिमो (२००६ पासून आयबीएम कंपनीकडे) आणि १९९२ च्या सॅप आर/३ या प्रणालीतील यंत्र-देखभालीचा विभाग ही त्यांची प्रसिद्ध उदाहरणे होत. अशा प्रणालीत उपकरण-सूची, कार्यादेश, भांडार व वेळापत्रके परस्परांशी जोडलेली असतात. त्यामुळे मंजूर बदलाचा परिणाम सर्व नोंदींवर एकदम घडविता येतो. त्याचप्रमाणे एक चुकीचा बदलही सर्वत्र पसरतो.

विनंतीत यंत्राचा क्रमांक व स्थान, विद्यमान स्थिती, प्रस्तावित बदल, कारण, संभाव्य धोका, खर्च, लागणारा थांबा आणि बदल तात्पुरता की कायमचा हे नमूद करतात. छाननीत देखभाल, उत्पादन, गुणवत्ता व सुरक्षा या खात्यांची मते घेतात. मंजुरीनंतर कार्यादेश निघतो. काम झाल्यावर रेखाचित्र, सुट्या भागांची यादी व वेळापत्रक सुधारल्याखेरीज आणि कामगारांना समज दिल्याखेरीज विनंती बंद करीत नाहीत. विनंती करणारा व ती मंजूर करणारा एकच नसावा, हा सर्वसाधारण संकेत आहे. नियंत्रकातील आज्ञावलीची जुनी प्रत बदलापूर्वी जपून ठेवणेही आवश्यक असते, कारण कालदर्शकाचा एक आकडा बदलल्याने यंत्राचे वर्तन पालटते आणि तो बदल डोळ्यांना दिसत नाही.

खुद्द प्रणालीत करावयाचे फेरफार हा विनंतीचा दुसरा वर्ग होय. नवा दोष-संकेतांक, अर्जातील नवा रकाना, मंजुरीची नवी पायरी इ. मागण्या त्यात मोडतात. प्रत्येक खात्याने आपापले संकेतांक वाढवीत नेल्यास एकाच दोषाची चार नावे होतात व वर्षअखेरीचे विश्लेषण निरुपयोगी ठरते. म्हणून असे बदल प्रथम चाचणी-प्रतीवर करून पाहतात व ठराविक कालांतराने एकत्रित अमलात आणतात.

मर्यादा : पद्धत लांबली की तिला वळसा घालण्याची प्रवृत्ती वाढते. रात्रपाळीत यंत्र अडले असता सात सह्यांची वाट पाहिली जात नाही. म्हणून आणीबाणीच्या बदलाला पाळी-प्रमुखाची तोंडी मंजुरी व ठराविक मुदतीत लेखी नोंद अशी सवलत देतात. तात्पुरत्या बदलाला समाप्तीची तारीख असणे अत्यावश्यक आहे. तारीख नसलेला तात्पुरता बदल कायमचा होतो. प्रेसवरील दोन हातांनी दाबावयाच्या बटणांपैकी एक बांधून टाकणे किंवा कठड्याचा स्विच निकामी करणे हे असेच बदल असून त्यांची विनंती कधीच सादर होत नाही व त्यांची किंमत कामगाराच्या बोटांनी मोजली जाते. उत्पादनाचा वेग वाढविण्याच्या दडपणातून ते घडत असल्याने केवळ संगणक-प्रणाली त्यांना आवर घालू शकत नाही.

अर्जाची भाषा हाही महत्त्वाचा प्रश्न आहे. बहुतेक प्रणाली इंग्रजीत असतात, तर यंत्रातील उणीव प्रथम ज्याला जाणवते तो कामगार बहुधा मराठी वा हिंदी बोलणारा असतो. त्याने सांगितलेली गोष्ट पर्यवेक्षक आपल्या शब्दांत लिहितो, तेव्हा तिचा बारकावा पुष्कळदा हरवतो. ज्या कारखान्यांत कामगाराला स्वतःच्या भाषेत विनंती नोंदविता येते व तिचे काय झाले हे त्याला कळविले जाते, तेथे न नोंदविलेल्या बदलांना वाव कमी राहतो.