विसापूरवरून लोहगड दिसतो

तुम्ही लोहगडाच्या पूर्वेच्या तटावर उभे आहात. मार्च १८१८. समोरचा विसापूर इंग्रजांच्या हाती पडलाय. तो या गडाहून उंच. तिथे कर्नल प्रॉथरच्या तोफा चढल्या की तटाच्या आतलं सगळं त्यांच्या नजरेखाली. तुमच्या मागे गाठोडी बांधली जातायत. कुणीच कुणाशी बोलत नाही.

डोळे मिटा. १९१५. आता तुम्ही लोणावळ्याजवळ, वळवणच्या धरणावर. मावळात पडलेला पाऊस नळांतून पाचशे मीटरहून अधिक उतरून खोपोलीच्या चक्रांवर आदळतोय. तिथली वीज मुंबईच्या गिरण्यांना जाते. लोणावळ्याहून खोपोलीला उतरणारा हा घाट ज्याच्या हाती, त्याच्या हाती आता शहराचे दिवेही.

पुन्हा मिटा. १२ ऑक्टोबर २०२०, सकाळचे दहा वाजून गेलेत. तुमची लोकल दोन स्टेशनांच्या मध्येच थांबते, पंखे बंद पडतात. समोरची नर्स फोनवर विचारतेय, "अहो, जनरेटर लागला का? आयसीयूचं काय?" मुंबई, ठाणे, नवी मुंबई, सगळीकडे वीज गेलीय. ती परत आणायला टाटांचे घाटाखालचे जलविद्युत संचही धावून येतात. त्यात वळवणचं पाणी आहे.

चारच महिन्यांपूर्वी चीनच्या सीमेवर, गलवानमध्ये चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले २० जवान गेले होते.

२८ फेब्रुवारी २०२१ ला 'रेकॉर्डेड फ्यूचर' ही अमेरिकी कंपनी अहवाल काढते: चीनशी संबंधित 'रेडएको' गटाने भारतातल्या वीजक्षेत्राच्या १० संस्थांना लक्ष्य केलं, त्यांत पाचपैकी चार विभागीय लोड डिस्पॅच सेंटर. मुंबईच्या अंधाराशी त्याचा संबंध मात्र अहवाल सिद्ध करत नाही. दुसऱ्या दिवशी राज्याचे गृहमंत्री अनिल देशमुख महाराष्ट्र सायबरचा अहवाल पुढे करून घातपाताचा संशय व्यक्त करतात. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणतात, ती माणसाची चूक होती. चीन आरोप फेटाळतो.

त्या दिवशी चूकच झाली असेल, मी ते मानायला तयार आहे. पण लोड डिस्पॅच सेंटरच्या संगणकांत चोरण्यासारखा पैसा नसतो. कुठल्या वाहिनीवर किती भार आहे, कोणती कधी बंद करायची, हे तिथे ठरतं. तिथे शिरू पाहणाऱ्याला आज काही पाडायची गरजच नाही. सीमेवरची बोलणी अडली की, तो आत असू शकतो एवढं दिल्लीला कळलेलं त्याला पुरतं. विसापूरच्या तोफा लोहगडावरून निदान डोळ्यांना दिसत तरी होत्या.

तुम्ही वळवणच्या भिंतीवर परत येता तेव्हा अंधार पडलाय. लोणावळ्याचे दिवे लागलेत. पाणी नळांत शिरतंय, खाली खोपोलीकडे. तुमची नजर आपोआप पूर्वेला, विसापूरच्या दिशेला जाते.