रक्ताचे पैसे नव्हेत, वारसांचा हक्क

माझ्या वर्गातल्या एका मुलाचे अब्बा महामार्गावरच्या अपघातात गेले. मोटारसायकलवर ते आपल्या लेनमध्ये सरळ चालले होते. शेजारच्या लेनमधली कार इंडिकेटर न देता एकदम त्यांच्या पुढ्यात आली. वय 38, टेम्पोवर ड्रायव्हर. मागे बायको, दोन मुले आणि म्हातारे आई-वडील.

चालीसवा झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. नुकसानभरपाईच्या दाव्याचा विषय काढताच दादा म्हणाले, "मास्तर, बेटे के खून के पैसे घर में नक्को." त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. घरी येऊन वाचत बसलो. हा लेख म्हणजे तेच उत्तर आहे.

सूरह निसामध्ये (4:92) चुकून झालेल्या हत्येबद्दल मृताच्या घरच्यांना दियत देण्याचा हुकूम आहे. घरच्यांना ती माफही करता येते. फारसी-उर्दूत तिला खूनबहा म्हणतात. म्हणजे दियत घेणे ही लाजेची गोष्ट नाही, तो वारसांचा हक्क आहे. फिकहने तिचा बोजा एकट्या चुकणाऱ्यावर टाकला नाही. तो त्याच्या 'आकिला'वर, म्हणजे कुळातल्या लोकांवर वाटला. हनफी परंपरा सांगते की हजरत उमर (रजि.) यांनी सैनिकांसाठी कुळाऐवजी दिवानाची, म्हणजे नोंदवहीतल्या सोबत्यांची, जबाबदारी ठरवली. आजचा विमा हुबेहूब तसा नाही, त्यावर उलेमांमध्ये मतभेदही आहेत. पण एकाच्या चुकीचा भार अनेकांनी उचलावा आणि वारस उघड्यावर पडू नयेत, हा विचार आपल्याला नवा नाही.

बंगालमध्ये कंपनीच्या फौजदारी अदालतींत मुस्लिम फौजदारी कायदाच चालत असे. 1790 मध्ये कॉर्नवॉलिसच्या सुधारणांनी खुन्याला माफ करण्याचा वारसांचा अधिकार काढून घेतला. पुढे दियतही गेली. शिक्षा सरकारच्या हाती आली. तिचा एक फायदा असा की श्रीमंत माणसाला पैसे मोजून खुनातून सुटणे अवघड झाले. पण वारसांच्या पोटाचे काय, हा प्रश्न मागे राहिला. इंग्लंडमध्ये 1846 चा कायदा झाला आणि त्याच धर्तीवर हिंदुस्थानात 1855 चा फेटल ॲक्सिडेंट्स ॲक्ट आला. त्याने पती, पत्नी, आई-वडील आणि मुलांना दिवाणी भरपाई मागण्याचा हक्क दिला.

मग मोटारी वाढल्या. 1939 च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थ व्यक्तीसाठी विमा सक्तीचा केला. ती सक्ती 1946 पासून अमलात आली. 1956 च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची वाट मोकळी झाली. चूक कोणाची हे सिद्ध न करताही काही रक्कम मिळावी, ही तरतूद 1982 मध्ये आली: मृत्यूसाठी 15,000 रुपये. आज 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 164 खाली तीच रक्कम 5 लाख आहे.

मात्र समोरच्याची चूक दाखवता आली तर कलम 166 चा दावा मोठा असतो. सर्वोच्च न्यायालयाने 2009 आणि 2017 मध्ये त्याचा हिशेब घालून दिला. या घराचेच उदाहरण घेऊ. महिन्याची कमाई 15,000 धरली, तर चाळिशीच्या आतल्या माणसाच्या पुढच्या वाढीसाठी 40 टक्के मिळवायचे: 21,000. त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा: 15,750. वर्षाचे झाले 1,89,000. त्या वयाचा गुणक 15. एकूण 28,35,000 रुपये.

चूक दाखवायची कशी? लेन बदलण्याआधी मागचे-बाजूचे पाहणे आणि इशारा देणे हे चालकाचे कर्तव्य आहे. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, दोन्ही गाड्यांवरच्या धडकेच्या खुणा, टोलनाक्याचे किंवा ढाब्याचे सीसीटीव्ही आणि साक्षीदार यांतून ते उलगडते. सीसीटीव्हीचे चित्रण लवकर पुसले जाते, म्हणून लगेच मागावे. फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा इथे लागत नाही; शक्यतेचे पारडे कुठे झुकते ते पाहतात. मृताचीही थोडी चूक निघाली तर रक्कम त्या प्रमाणात कमी होते. दावा आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही करता येतो. 1994 मध्ये काढून टाकलेली मुदतीची अट 2019 च्या दुरुस्तीने परत आणली आहे: सहा महिने. आपल्या घरांत इद्दत, चालीसवा, नातेवाइकांचे सल्ले यांतच निम्मा काळ जातो.

हे सगळे मी दादांना सांगायला गेलो. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दियत लेना गुनाह नै ना?" मी म्हणालो, "नाही. आणि माफ करायची असेल तर तो हक्क एकट्या तुमचा नाही, सुनेचा आणि नातवंडांचाही आहे." पाचव्या महिन्यात दावा दाखल झाला. पहिली सही सुनेने केली, तिच्याखाली दादांनी.